स्थगिती दिली, पण कशाला? ट्रम्प सरकारवरच्या वादात बातमी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर ट्रम्प सरकारवरून रोज जुंपते. एक गट म्हणतो, 'सगळं बेकायदा चाललंय, कोर्टाने स्थगिती दिली.' दुसरा म्हणतो, 'अध्यक्षाने सही केली की कायदा झाला, विषय संपला.' दोन्हीकडून लिंका पडतात आणि दोन्ही खऱ्या दिसतात. मुलगी-जावई तिकडे असलेल्या माणसाने काय धरायचं?

दोन्ही लिंका खऱ्या असू शकतात, फक्त त्या एकाच निर्णयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या असतात. आधी कॅमेऱ्यासमोर किंवा ट्रूथ सोशल या ट्रम्प यांच्या समाजमाध्यमावर घोषणा होते. मग सहीचा कागद येतो, मग संबंधित खातं त्याचा अर्थ लावणारं परिपत्रक काढतं आणि कुणीतरी कोर्टात गेलं की तिथून चौथा प्रवास सुरू होतो. दर टप्प्यावर निर्णयाचा आकार बदलतो. ग्रुपवरची निम्मी भांडणं अशी असतात की एक जण शुक्रवारची घोषणा धरून बोलतोय आणि दुसरा सोमवारचं परिपत्रक.

बाकीच्या निम्म्यांना आपल्या मराठी बातम्यांतले शब्द कारणीभूत आहेत. 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला आपल्याकडे सर्रास 'अध्यादेश' म्हणतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. आपला अध्यादेश घटनेच्या १२३ किंवा २१३ कलमाखाली निघतो, त्याला कायद्याइतकीच ताकद असते आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. अमेरिकेच्या अध्यक्षाकडे असला अधिकारच नाही. तिथली ऑर्डर म्हणजे अध्यक्षाने आपल्याच खात्यांना दिलेला हुकूम. तिला जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो आपला जीआर. जीआर काढून मंत्रालयाला जमीन महसूल संहितेचं कलम बदलता येत नाही, संहितेने दिलेल्या जागेतच हलता येतं. तसंच इथे. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेला कायदा किंवा घटना जेवढी मोकळीक देते, तेवढ्यातच ऑर्डर चालते. आणि पुढचा अध्यक्ष ती एका सहीने पुसतो. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी एका ऑर्डरने बायडन यांचे ७८ आदेश रद्द केले. पहिल्या कारकिर्दीच्या चार वर्षांत त्यांनी २२० ऑर्डर काढल्या होत्या, दुसऱ्या कारकिर्दीत २०२५ या एका वर्षातच आकडा दोनशेच्या वर गेला. म्हणजे 'सही झाली, विषय संपला' हे तर चुकीचंच. सही झाली की विषय सुरू होतो.

आता एक प्रकरण जवळून बघू, कारण त्यात पहिले तीन टप्पे दोन दिवसांत दिसले आणि पुण्या-ठाण्यातल्या कित्येक घरांना त्याची झळ लागली. ते म्हणजे एच-वन-बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या व्हिसावर लावलेले एक लाख डॉलर.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ट्रम्प यांनी सही केली. शेजारी उभे असलेले वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक पत्रकारांना म्हणाले की ही रक्कम दर वर्षी भरायची. घोषणा ही अशी होती. अंमल रविवारी मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने, पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे साडेनऊ वाजून एक मिनिट. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. पितृपक्षासाठी किंवा घटस्थापनेच्या सुट्टीसाठी आलेल्यांच्या हातात जेमतेम दीड दिवस उरला. मोठमोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना 'आहात तिथून ताबडतोब परत या' अशा ईमेल पाठवल्या.

पण कागदात काय होतं? ती एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नव्हतीच, प्रोक्लमेशन होतं, म्हणजे उद्घोषणा. हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. प्रोक्लमेशन बहुधा सरकारबाहेरच्या माणसांना उद्देशून असतं आणि ते काढताना अध्यक्ष एखाद्या विशिष्ट कायद्याने दिलेला अधिकार वापरत असतो. इथे तो होता १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं २१२(एफ) कलम. परकी नागरिकांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर अध्यक्ष तो थांबवू शकतो, असं ते कलम म्हणतं. याच कलमावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ट्रम्प यांची काही देशांवरची प्रवासबंदी टिकवली होती. म्हणून कागद 'प्रवेशा'च्या भाषेत लिहिलेला होता: अर्जासोबत एक लाख डॉलर भरल्याशिवाय प्रवेश नाही. 'दर वर्षी' हे शब्द त्यात कुठेच नव्हते. मुदत बारा महिन्यांची, वाढवली नाही तर आपोआप संपणारी. राष्ट्रहित असेल तर एखाद्या माणसाला, कंपनीला किंवा अख्ख्या उद्योगाला सूट देण्याची तरतूदही होती.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांनी घाबरून तिकिटं काढली त्यांना वेड्यात काढू नका. कागदात 'प्रवेश' हाच शब्द असल्याने, आधीपासून व्हिसा असलेला माणूस सुट्टीवरून परत शिरताना अडणार की नाही, हे मजकुरावरून स्वच्छ कळत नव्हतं. ते कळलं शनिवारी, तिसऱ्या टप्प्यावर. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांनी सांगितलं की रक्कम वार्षिक नाही, एकदाच भरायची आहे, फक्त नव्या अर्जांना लागू आहे, नूतनीकरणाला नाही. यूएससीआयएस या व्हिसा-नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्यानेही त्याच दिवशी तसा मेमो काढला. पुढे २० ऑक्टोबरच्या मार्गदर्शक सूचनांत आणखी उलगडा झाला की अमेरिकेतच शिकत असलेला विद्यार्थी देशाबाहेर न जाता एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर येत असेल, तर त्याला ही रक्कम लागू नाही.

म्हणजे 'सगळ्यांना दर वर्षी ८८ लाख रुपये' इथपासून सुरू झालेली गोष्ट महिन्याभरात 'बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जदाराच्या कंपनीला एकदा' इथवर आली. मधल्या काळात ग्रुपवर जे जे बोललं गेलं ते त्या त्या तासाच्या बातमीप्रमाणे खरं होतं. म्हणून लिंकेखाली तारीख बघा, आणि शक्य असेल तर वेळही.

कागद स्वतः वाचायचा असेल तर भीती बाळगू नका, बहुतेक कागद तीन-चार पानांचे असतात. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर 'प्रेसिडेन्शियल ॲक्शन्स'मध्ये मजकूर आधी येतो, क्रमांकासह अधिकृत प्रत काही दिवसांनी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात. पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष कुठल्या कायद्याच्या आधाराने लिहितोय ते असतं. ते नाव टिपून ठेवा, पुढचं सगळं कोर्टकज्जाचं रामायण त्याच नावावर घडतं. त्यानंतरचं पहिलं कलम म्हणजे राजकीय भाषण असतं, ते खुशाल गाळा. 'शॅल', म्हणजे 'करावंच' असं बजावणारा शब्द, आला तिथे थांबा. खात्याला काय करायला सांगितलंय आणि किती दिवसांत? बऱ्याच गाजलेल्या ऑर्डरमध्ये शेवटी एवढंच निघतं की अमुक मंत्र्याने ६० किंवा ९० दिवसांत अहवाल द्यावा. 'ट्रम्प यांनी अमुक बंद केलं' या मथळ्याखाली प्रत्यक्षात अहवाल मागवलेला असतो. सर्वांत शेवटी 'लागू असलेल्या कायद्यांशी सुसंगत राहून' अशी ठरीव ओळ असते. सरकारी वकील कोर्टात हमखास तिचा आसरा घेतात.

आता 'स्थगिती'. हा मराठी शब्द अमेरिकी बातम्यांत सर्वांत जास्त घोळ घालतो. जिल्हा न्यायालयाने सरकारचा आदेश रोखला की आपण म्हणतो 'स्थगिती'. मग वरच्या कोर्टाने त्या रोखण्यालाच रोखलं, की त्यालाही 'स्थगिती'च. पहिल्या बातमीत सरकार हरलं, दुसरीत सरकारची सुटका झाली, मथळा मात्र सारखाच. आयातकराचं घ्या. २८ मे २०२५ ला न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याखाली लावलेले आयातकर अवैध ठरवले. दुसऱ्याच दिवशी अपील कोर्टाने तो निकाल तात्पुरता थांबवला, कर चालू राहिले. २९ ऑगस्टला त्याच अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ मतांनी कर अवैधच म्हटले, पण अपिलाला वेळ देऊन वसुली चालू ठेवली. भारतीय मालावरचा कर त्याच आठवड्यात, २७ ऑगस्टपासून, एकूण ५० टक्क्यांवर गेला होता. म्हणजे इचलकरंजीच्या निर्यातदाराने 'कोर्टाने कर रद्द केला' हे वाचून माल पाठवला असता तर तिकडच्या बंदरावर कर भरावाच लागला असता. शेवटी २० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयानेही ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा आयातकराला पुरत नाही असं सांगितलं.

तरीही 'आयातकर गेले' हे वाक्य चुकीचंच ठरतं, कारण सगळे कर त्या एका कायद्यावर उभे नव्हते. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे कर १९६२ च्या व्यापार कायद्याच्या २३२ व्या कलमाखाली आहेत, चीनवरचे जुने कर १९७४ च्या कायद्याच्या ३०१ व्या कलमाखाली. त्यांना त्या निकालाने हातही लावला नाही. शिवाय १९७४ च्याच कायद्यातलं १२२ वं कलम अध्यक्षाला जास्तीत जास्त १५ टक्के कर १५० दिवसांपुरता लावू देतं, आणि निकालानंतर सरकारने लगेच तेच बाहेर काढलं. यासाठीच पहिल्या परिच्छेदातलं कायद्याचं नाव टिपून ठेवायला सांगितलं.

स्थगितीची बातमी आली की मी स्वतः चार गोष्टी बघतो. कुठलं कोर्ट? देशात ९४ संघीय जिल्हा न्यायालयं आहेत, वर प्रादेशिक अपील कोर्टं आणि मग सर्वोच्च न्यायालय. दुसरं, हुकूम कुठल्या जातीचा? तात्पुरता मनाई हुकूम साधारण १४ दिवसांचा असतो, एकदा तेवढाच वाढतो. 'प्रिलिमिनरी इंजंक्शन', म्हणजे अंतरिम मनाई, खटला संपेपर्यंत टिकू शकतं. तिसरं, कुणापुरता? चौथं, सरकारने अपील केलं का? सर्वोच्च न्यायालयाच्या तातडीच्या यादीतले आदेश कधीकधी कारण न देता, दोन-चार ओळींत येतात. सरकारच्या बाजूने आले तरी त्याचा अर्थ मूळ खटला जिंकला असा होत नाही, तोवर अंमल करायची मुभा मिळाली एवढाच होतो. मूळ कागदपत्रं कोर्टलिसनर नावाच्या संकेतस्थळावर बरीचशी फुकट सापडतात. सरकारी पेसर प्रणालीत पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर.

'कुणापुरता' हा मुद्दा किती महाग पडू शकतो ते जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या प्रकरणात दिसतं, आणि तिकडे बाळंतपण असलेल्या प्रत्येक मराठी घरात त्याची चर्चा झाली. २० जानेवारी २०२५ च्या ऑर्डरप्रमाणे आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मानायचं नाही. म्हणजे आई-बाप दोघेही एच-वन-बीवर असलेलं कायदेशीर जोडपंही त्यात येतं. 'हे फक्त घुसखोरांसाठी आहे' असं ग्रुपवर कुणी म्हणालं तर त्याला मजकूर वाचायला द्या. तीनच दिवसांत सिॲटलच्या न्यायाधीशांनी ती धडधडीत घटनाविरोधी म्हणून रोखली. आधार अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिक मानणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि तिचा तसाच अर्थ लावणारा १८९८ चा वाँग किम आर्क खटला.

मग २७ जून २०२५. सर्वोच्च न्यायालयाचा ६ विरुद्ध ३ निकाल. आपल्याकडच्या कित्येक मथळ्यांनी त्याचा अर्थ 'नागरिकत्वाचा आदेश वैध' असा लावला. त्या निकालात आदेशाच्या वैधतेवर एक अक्षर नव्हतं. प्रश्न एवढाच होता की एका जिल्हा न्यायाधीशाला साऱ्या देशापुरती मनाई घालता येते का. उत्तर आलं, बहुधा नाही, फिर्यादींना पुरेसा दिलासा द्या, त्याहून जास्त नको. फिर्यादी पक्षाच्या वकिलांनी दुसरा रस्ता धरला. न्यू हॅम्पशायरमध्ये साऱ्या बाधित बाळांच्या वतीने सामूहिक दावा लावला आणि १० जुलैला तिथल्या न्यायाधीशांनी त्या पूर्ण गटासाठी मनाई दिली. मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला तो डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणून या विषयावरची कुठलीही लिंक वाचताना तो जून २०२५ चा निकाल आहे की मूळ प्रश्नावरचा, हे आधी बघा.

'हे सगळे डावे न्यायाधीश आहेत' किंवा 'कोर्टं ट्रम्पच्या खिशात आहेत' ही दोन वाक्यंही रोजची. नेमणूक कुणी केली हे प्रत्येक संघीय न्यायाधीशाच्या चरित्रात पहिल्या चार ओळींत मिळतं. सिॲटलचे ते न्यायाधीश जॉन कफनर, रेगन यांनी नेमलेले. न्यू हॅम्पशायरचे जोसेफ लाप्लांट, धाकट्या बुश यांनी नेमलेले. आयातकर अवैध ठरवणाऱ्या व्यापार न्यायालयाच्या तिघांत एक रेगन यांचा, एक ओबामांचा, एक खुद्द ट्रम्प यांचा. आणि उलट बाजूने, एक लाख डॉलरच्या रकमेविरुद्धचा यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योजकांच्या संघटनेचा दावा डिसेंबर २०२५ मध्ये फेटाळला तो बेरिल हॉवेल यांनी, ज्या ओबामांनी नेमलेल्या. नेमणुकीचा काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयात रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले सहा आणि डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेले तीन आहेत, आणि बऱ्याच निकालांत ती रेघ स्पष्ट दिसते. पण आयातकराच्या निकालात ६ विरुद्ध ३ ही फोड त्या रेघेवर पडली नव्हती.

आकड्यांबद्दल फार लांबण लावत नाही, पण एक सवय लावून घ्या. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. डोज नावाच्या खर्चकपातीच्या चमूने फेब्रुवारी २०२५ मध्ये ८ बिलियनचा एक करार रद्द केल्याचं जाहीर केलं, तो मुळात ८ मिलियनचा निघाला. हजारपट फरक. शिवाय त्यांच्या यादीत कित्येकदा कराराची कमाल मर्यादा 'बचत' म्हणून धरलेली असे. प्रत्यक्ष खर्च न झालेले पैसे किती, हे त्यातून कळत नाही. त्याच महिन्यात 'भारतातल्या मतदानासाठी दिलेले २ कोटी १० लाख डॉलर' हेही गाजलं आणि आपल्याकडे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले. 'इंडियन एक्स्प्रेस'ने कागद काढून दाखवलं की ती रक्कम २०२२ मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झाली होती.

संसदेबद्दल दोनच गैरसमज. एक, 'दोन्ही सभागृहांत बहुमत असून सरकार ठप्प कसं होतं?' १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस ठप्प होतं, कारण सिनेटमध्ये खर्चाच्या विधेयकावरची चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ होती. दुसरा, 'महाभियोग झाला म्हणजे हकालपट्टी'. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवले की महाभियोग झाला. पदावरून काढायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे शंभरातली ६७. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा महाभियोग झाला. दुसऱ्यांदा ५७ विरुद्ध ४३ मतं पडली आणि ते सुटले. आजवर एकही अध्यक्ष या मार्गाने गेलेला नाही.

एवढं तपासूनही काही वाद उरतात, कारण ते मुळात कायदेशीर-बेकायदेशीर असे नसतातच. माफीचं घ्या. ट्रम्प यांनी शपथविधीच्याच दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली, १४ जणांची शिक्षा कमी केली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी स्वतःच्या मुलाला माफी दिली होती. संघीय गुन्ह्यांपुरता हा अधिकार घटना अध्यक्षाला जवळजवळ बिनशर्त देते, त्यामुळे 'अधिकार होता का' या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे होकारार्थी. 'शोभलं का' याचं उत्तर कुठल्याच रजिस्टरमध्ये मिळणार नाही. त्यावर ग्रुपवर खुशाल भांडा, फक्त 'हे बेकायदा आहे' असं म्हणून भांडू नका.